अंतःस्रावी ग्रंथि आणि घरची पंगत

प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिण्यासाठीं जी चिंचोळी जागा सोडलेली असते, तिच्यांत मावणारे शब्द फार थोडे. 'आळशी', 'चंचल', 'चिडखोर', 'लक्ष नाहीं'. शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. घरीं आईबापही याच शब्दांवर काम भागवितात, आणि त्यांना तर जागेची अडचणही नसते. मुलगा उशिरां उठला कीं तो आळशी. मुलगी एकाएकीं रडूं लागली कीं ती हट्टी. कोणी वर्गांत वारंवार पाणी पिण्यास बाहेर जाऊं लागला कीं तो कामचुकार. मनुष्याच्या वागण्याचा सारा जमाखर्च स्वभावाच्या खात्यावर मांडून मोकळें होण्याची ही खोड आपणांस फार जुनी आहे. वस्तुतः त्या जमाखर्चांतील पुष्कळ रकमा शरीराच्या, विशेषतः शरीरांतील अंतःस्रावी ग्रंथींच्या, नांवावर पडावयाच्या असतात. या ग्रंथींचें शास्त्र विस्तारानें शिकविणें हें शास्त्राच्या तासाचें काम. त्या शास्त्रावरून आपल्या घरांत व वर्गांत कोणता फरक पडावयास हवा, याविषयीं आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

शरीरांतील ग्रंथि दोन जातींच्या आहेत. घाम, लाळ, अश्रु ज्यांच्यापासून उत्पन्न होतात त्या ग्रंथींना नळी असते व त्यांचा रस नेमक्या ठिकाणीं पोंचतो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथींना नळीच नाहीं. त्यांचा रस थेट रक्तांत उतरतो आणि रक्ताबरोबर सर्वांगांत फिरतो. लंडनमधील बेलिस व स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं अशा एका रसाचा छडा लावला. जठरांतील आम्ल अन्न आंतड्याच्या आरंभींच्या भागांत उतरलें, कीं तेथून एक द्रव्य रक्तांत जातें आणि स्वादुपिंडाला पाचक रस सोडण्याची आज्ञा करतें. तोंवर ही आज्ञा मज्जातंतूंमार्फत जाते अशी समजूत होती. या दोघांनीं ते तंतु तोडूनही आज्ञा पोंचते असें दाखविलें. पुढें १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा द्रव्यांना 'हॉर्मोन' हें नांव दिलें. ज्या ग्रीक धातूवरून तें घेतलें त्याचा अर्थ चेतविणें, प्रवृत्त करणें असा आहे. आणि मराठींतील 'संप्रेरक' हा शब्दही तोच अर्थ सांगतो.

मज्जातंतूंचा निरोप तारेसारखा असतो. ज्याच्या नांवें तार केली त्याच्याच हातीं ती पडते. संप्रेरकाचा निरोप दवंडीसारखा आहे. दवंडी साऱ्या गांवांत पिटली जाते, पण शेतसारा भरण्याची दवंडी असली तर ज्याचें शेत आहे तोच उठतो. बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखे करतात. ज्या पेशींवर त्या विशिष्ट संप्रेरकाला ओळखणारी खूण असते, त्याच पेशी त्याचें म्हणणें मानतात. यांतील खरी मौज पुढेंच आहे. दवंडी पिटणाऱ्याला थांबविण्याचीही व्यवस्था या कारभारांत आहे. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि आहे. ती गळ्यांतील अवटु ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, काम करण्यास सांगते. अवटु ग्रंथीचा रस रक्तांत पुरेसा झाला, कीं तोच रस उलट पीयूषिकेला व तिच्या वर बसलेल्या मेंदूच्या भागाला 'आतां पुरे' असें कळवितो. रस कमी पडला कीं पुन्हां हुकूम सुटतो. एखाद्या संस्थानाच्या दरबारांतही इतका चोख हिशेब क्वचितच राहिला असेल.

नागपुरांत राहणाऱ्यांना या कारभाराची साक्ष दर मे महिन्यांत मिळते. पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, सीताबर्डीचे रस्ते दुपारीं ओस पडतात, आणि घामावाटे शरीरांतील पाणी झपाट्यानें निघून जाऊं लागतें. रक्त किंचित् दाट झालें, कीं मेंदूंतील एक बारीकसें केंद्र तें ताबडतोब ओळखतें. तें दोन गोष्टी करतें. एक तर तहान लावतें. आणि दुसरें, पीयूषिकेच्या मागच्या भागांतून व्हासोप्रेसिन नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडवितें. मूत्रपिंडांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो व त्यांतील दीडदोन लिटर वगळतां बाकी सर्व परत रक्तांत घेतला जातो; व्हासोप्रेसिनच्या हुकुमानें ही परत घेण्याची काटकसर आणखी कडक होते. उन्हाळ्यांत लघवी थोडी व गडद पिवळी होते ती यामुळें. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथि त्याच वेळीं मीठ वांचविण्याच्या खटपटींत असतात. म्हणून पन्ह्यांत गुळाबरोबर चिमूटभर मीठ टाकणारी आजी शास्त्राच्या दृष्टीनें बरोबर वागत असते. कांद्याचें म्हणाल, तर तो खिशांत ठेवण्यापेक्षां भाकरीबरोबर पोटांत गेलेला बरा.

परंतु कोणतीही ग्रंथि पाणी निर्माण करूं शकत नाहीं. आहे तें पुरवून वापरणें इतकेंच तिच्या हातीं आहे. आणि येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. पुष्कळ मुली सकाळीं घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहींत. कारण शाळेंतील स्वच्छतागृहांत जाण्याची त्यांना लाज वाटते, किळस येते, किंवा तासाच्या मध्यें परवानगी मागण्याचें धैर्य होत नाहीं. त्यांच्या ग्रंथि दिवसभर काटकसर करून थकतात, आणि डोकें दुखूं लागलें म्हणजे 'अभ्यासाचा कंटाळा' असा शेरा मिळतो. पाण्याचे माठ भरून ठेवणाऱ्या संस्थेनें स्वच्छतागृहाची कडी व पाण्याची बादली यांकडेही तितकेंच लक्ष पुरवावें. त्यावांचून माठांचा उपयोग अर्धाच आहे.

अवटु ग्रंथीची गोष्ट आपल्या देशांत मिठाशीं जोडलेली आहे. ही ग्रंथि फुलपांखराच्या आकाराची असून कंठाच्या खालच्या अंगास श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. तिचा रस शरीराच्या सर्व व्यापारांची गति ठरवितो: हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, हाडांची वाढ, आणि लहान बालकाच्या बाबतींत तर मेंदूची जडणघडणसुद्धां. हा रस तयार होण्यास आयोडीन लागतें. तें अन्नांतून न मिळालें तर ग्रंथि बिचारी मोठी होत जाते व गळ्यावर गांठ दिसूं लागते. त्या गलगंडाचें वर्णन सुश्रुतसंहितेंत आहे; मात्र त्याचें कारण जमिनींतील आयोडीनच्या तुटवड्यांत आहे हें पुष्कळ शतकांनंतर कळलें. हिमाचल प्रदेशांतील कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ पासून कांहीं भागांत आयोडीनयुक्त मीठ व कांहीं भागांत साधें मीठ देऊन पाहिलें. आयोडीनयुक्त मिठाच्या भागांत मुलांचा गलगंड स्पष्टपणें ओसरला. त्यावरून १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ सालापासून खाण्यासाठीं आयोडीन नसलेलें मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

असें असूनही, पांढरें मीठ कृत्रिम, आणि खडेमीठ तेवढें नैसर्गिक, असा एक नवा अभिमान सुशिक्षित घरांतून दिसूं लागला आहे. आयोडीन नसलेलें खडेमीठ लोणच्याच्या बरणींत खुशाल घालावें. रोजच्या वरणांत मात्र तें नसावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. उभ्या आयुष्याचा हिशेब केला तरी तें एका चहाच्या चमच्याएवढें भरत नाहीं. एवढ्याशा वस्तूच्या अभावीं गर्भांतील बालकाची बुद्धि कायमची खुंटूं शकते. मीठ झांकणाच्या बरणींत, चुलीच्या वाफेपासून दूर ठेवावें, कारण उघड्यावर व ओलाव्यांत त्यांतील आयोडीन कमी होत जातें. ज्या मुलाची उंची वाढत नाहीं, ज्याला सदा थंडी वाजते, बद्धकोष्ठ असतो, त्वचा कोरडी पडते आणि जो पूर्वीं चांगला असून आतां धड्यांत मागें पडूं लागला आहे, त्याच्या प्रगतिपुस्तकांत 'मंद' असें लिहिण्यापूर्वीं त्याचें रक्त एकदां तपासावें. अवटु ग्रंथीचा रस कमी पडत असेल तर त्यावर रोज एक गोळी, एवढाच उपाय आहे, आणि ती महागही नाहीं.

वयांत येणाऱ्या मुलामुलींसंबंधानें आमच्या समाजांत जें मौन पाळलें जातें, त्याचाही येथें उल्लेख केला पाहिजे. एका ठराविक वयाला मेंदूंतूनच पीयूषिकेला नवे निरोप जाऊं लागतात, आरंभीं तर केवळ रात्रीं झोंपेंत. मुलींत हा बदल साधारणतः आठ ते तेरा व मुलांत नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. आवाज फुटणें, तारुण्यपीटिका, उंचीची एकदम उसळी, क्षणांत हंसूं व क्षणांत आंसूं, हें सारें त्याच निरोपांचें फळ आहे. याच वयांत रात्रीं झोंप आणणारें मेलाटोनिन रक्तांत पूर्वींपेक्षां उशिरां वाढूं लागतें. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला दहा वाजतां झोंप येत नाहीं व पांच वाजतां जाग येत नाहीं, यांत सर्व अपराध त्याचा किंवा हातांतील फोनचा नसतो, जरी फोन आगींत तेल ओततोच. शरीराची वाढ करणारें संप्रेरक मुख्यतः रात्रीच्या पहिल्या गाढ झोंपेंत स्रवतें. परीक्षेच्या नांवाखालीं मुलांना एक वाजेपर्यंत जागवून मग उंची वाढविणाऱ्या चूर्णाचे डबे विकत आणणारे पालक एका हातानें काढून घेतात व दुसऱ्या हातानें पैसे देऊन खोटें परत मागतात.

तथापि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांलाही एक शब्द. ग्रंथींचें नांव पुढें करून आजीला उलट बोलण्याची मुभा मिळत नाहीं. रागाची ठिणगी रक्तांतील रसानें पडत असेल. तिच्यावर फुंकर घालावयाची कीं पाणी, हें ठरविणारी जागा कपाळाच्या मागें निराळी आहे, आणि तिची मशागत तुमच्याच हातीं आहे. कारण सांगणें वेगळें आणि सबब सांगणें वेगळें.

आतां ज्या ग्रंथीविषयीं लिहावें म्हणून आम्हीं खरें पाहतां लेखणी उचलली, तिच्याकडे वळूं. जठराच्या मागें आडवें पडलेलें स्वादुपिंड दुहेरी नोकरी करतें. त्याचा मोठा भाग नळीवाटे पाचक रस आंतड्यांत सोडतो. पण त्या भागांत विखुरलेलीं लहान लहान बेटें इन्सुलिन नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडतात. जेवणांतील साखर रक्तांत आली कीं इन्सुलिन स्नायूंचीं व चरबीचीं दारें उघडून ती आंत घेववितें, आणि यकृताला ती सांठवून ठेवण्यास सांगतें. इन्सुलिन नसेल तर धान्यानें भरलेल्या कोठाराबाहेर माणूस उपाशी मरावा तशी स्थिति होते: रक्तांत साखर मावत नाहीं, ती लघवीवाटे पाणी ओढून घेऊन जाते, आणि पेशी भुकेनें व्याकुळ होतात. १९२२ पूर्वीं ज्या मुलाला हा विकार जडे तें मूल एकदोन वर्षांत झिजून मरत असे. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळें काढलें. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत, आणि कॉलिप यांनीं तें शुद्ध केल्यावर, जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्यानें जीवदान मिळालें. शोधकांनीं आपला हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरास देऊन टाकला. प्रथम गाईडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलें जाणारें हें औषध १९८२ पासून सूक्ष्म जंतूंकडून, मानवी इन्सुलिनच्याच स्वरूपांत, तयार करून घेतलें जात आहे.

म्हणजे औषध होऊन शतक लोटलें. तरीही आपल्या गांवांतील इन्सुलिन घेणाऱ्या विद्यार्थ्याचे हाल संपले आहेत असें आम्हांस म्हणवत नाहीं. आणि हे हाल औषधाच्या अभावानें नसून आपल्या अज्ञानानें होतात. मुलांना बहुधा जो मधुमेह होतो, त्यांत शरीराचीच संरक्षक शक्ति चुकून इन्सुलिनच्या बेटांवर उठते. त्या मुलानें पेढे जास्त खाल्ले, आईनें लाड केले, यांचा त्याच्याशीं काडीचाही संबंध नाहीं. तो स्पर्शानें लागत नाहीं. काढे, कडू चूर्णें व मंत्र यांनीं तो जात नाहीं. उलट त्यांच्या भरंवशावर इन्सुलिन बंद केल्यास थोड्याच दिवसांत प्राणावर बेततें. जें मूल अकस्मात् फार पाणी पिऊं लागलें, रात्रीं पुन्हां अंथरूण ओलें करूं लागलें, व खाऊनपिऊन वाळूं लागलें, त्याची रक्तांतील साखर त्याच दिवशीं तपासून घ्यावी. दुसऱ्या दिवसावर टाकूं नये.

वर्गांत काय व्हावें हेंही सांगतों. असा विद्यार्थी दिवसांतून अनेक वेळां सुई घेतो, बोटांतून रक्ताचा थेंब काढून साखर पाहतो, आणि ठरल्या वेळीं खातो. हें करण्यासाठीं त्याला स्वच्छतागृहांत लपावें लागूं नये. तासाच्या मध्यें त्यानें डबा उघडला तर ती बेशिस्त नव्हे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१७ सालीं अशा परीक्षार्थींना परीक्षेच्या खोलींत खाऊ जवळ ठेवण्याची परवानगी दिली, आणि २०२३ सालीं राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानें अशा मुलांना वर्गांतही सुई घेण्याची व खाण्याची मोकळीक मिळावी असें सुचविलें. कागद आले, पण कागद प्रत्येक वर्गशिक्षकाच्या व प्रत्येक बांकावरील सोबत्याच्या मनांत उतरावयास वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्या मुलाजवळ नसतो. त्याची साखर एकदम खालीं गेली तर त्याला दरदरून घाम सुटतो, हात कांपतात, तो असंबद्ध बोलतो किंवा विनाकारण भांडूं लागतो. अशा वेळीं त्याला शिक्षा करूं नये, एकटें बाहेर पाठवूं नये. तीनचार चमचे साखर पाण्यांत ढवळून लगेच पाजावी. शुद्ध गेली असेल तर मात्र तोंडांत कांहींही न घालतां त्याला तडक रुग्णालयांत न्यावें. इतकें ज्ञान सातवींतल्या मुलालाही सहज देतां येतें, आणि तें इतिहासांतील सनावळ्यांहून त्याच्या मित्राच्या जास्त कामीं येईल.

पालकांपैकीं कित्येक जण मुलीचा मधुमेह शाळेपासूनही लपवितात. 'उद्यां तिचें लग्न व्हावयाचें आहे' हें त्यांचें उत्तर आम्हीं ऐकलें आहे. त्यांच्या काळजीची चेष्टा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. समाजच तसा आहे. पण ज्या गोष्टीचा जवळच्या शिक्षिकेलाही पत्ता नाहीं, त्या गोष्टीनें मुलगी वर्गांत कोसळली असतां तिच्या तोंडांत साखर कोण घालणार?

मोठेपणीं होणारा दुसरा मधुमेह आपल्या घरोघरीं आहे, आणि त्याचा माग काढण्याचें मोठें काम आपल्या महाराष्ट्रांतच झालें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना हें कोडें पडलें, कीं येथील माणूस वजनानें हलका व वयानें तरुण असतांही त्याला मधुमेह कां होतो. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत त्यांचें व लंडनच्या डॉ. यडकिन यांचें एक जोडछायाचित्र प्रसिद्ध झालें. दोघांचें उंचीशीं वजनाचें प्रमाण तंतोतंत सारखें, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ व आंतून चरबीदार असा हा आपला बांधा. ही चरबी जास्त असली, विशेषतः पोटांत, तर इन्सुलिनची दवंडी पेशींना नीट ऐकूं येत नाहीं; स्वादुपिंड ओरडून ओरडून दमतें, आणि शेवटीं साखर वाढते.

हा बांधा केव्हां घडतो, हें पाहण्यासाठीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा व पुढें त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो. आपल्या बालकांचे दंड बारीक, पोटांतील अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालील चरबी मात्र जवळजवळ तितकीच! म्हणजे हा बांधा आईच्या पोटांतच ठरत आला होता. आणखी असें आढळलें, कीं आई एकूण किती भाकरी खाते यापेक्षां तिच्या खाण्यांत दूध, हिरव्या पालेभाज्या व फळें किती वेळां येतात, यावर बाळाची वाढ अधिक अवलंबून होती. आणि गरोदरपणांत ज्यांना कष्टाचीं कामें जास्त, त्यांचीं बाळें लहान. त्या स्त्रियांपैकीं सुमारें दोनतृतीयांश स्त्रियांच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. हें जीवनसत्त्व दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतच असतें, पालेभाजींत मुळींच नाहीं. ज्या मातांच्या रक्तांत तें कमी आणि फोलेट मात्र भरपूर होतें, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांच्या शरीरांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ति सर्वांत जास्त दिसली. हा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां आपल्या पंगतीकडे पाहा. आधीं पुरुष बसतात, मग मुलें, मग सासूबाई. आणि सर्वांमागून, बहुतेक भांडीं रिकामीं झाल्यावर, सून. वरण तळाशीं उरलेलें असतें, दह्याचें पातेलें निपटलेलें असतें. भाजी असली तर तिचा रस्सा. संत्र्याच्या मोसमांत टोपली घरांत आलेली असतांही आईच्या वांट्याला सालें सोलण्याचें काम येतें. घरांत अंडीं चालत असलीं तर तीं 'खेळणाऱ्या मुलाला'. मुलीला 'उष्ण पडतील' म्हणून नाहींत. हें वर्णन खेड्याचें आहे असें शहरांतील वाचकांनीं समजूं नये. महाल काय नि धरमपेठ काय, क्रम बदलला असेल, पण शेवटचें ताट कोणाचें हें बहुधा बदललेलें नाहीं. पुण्याच्या अभ्यासाकडे पाहतां, ज्या ताटांत सर्वांत शेवटीं वाढलें जातें, त्याच ताटावर पुढच्या पिढीचें स्वादुपिंड घडत असतें. घरांतील मुलाला चाळिशींत मधुमेह झाला म्हणजे आपण त्याच्या चहांतील साखर मोजतों. त्याच्या जन्मापूर्वीं त्याच्या आईला दुधाचा पेला मिळाला होता कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं.

हें ऐकून घरांतील वडील बायका म्हणतील, कीं आम्हीही सर्वांच्या मागूनच जेवलों, शेतावर राबलों, आणि आमचीं मुलें कांहीं वाईट निपजलीं नाहींत. त्यांच्या कष्टांपुढें आम्ही नम्र आहों. परंतु ज्यांचीं बाळें पहिल्या वर्षांतच गेलीं, त्या बायका हा दाखला द्यावयास पुढें येत नाहींत. आणि जीं वांचलीं, त्यांपैकीं किती जण आज पन्नाशीला येण्यापूर्वींच सकाळीं अंबाझरीच्या कांठानें डॉक्टरांच्या सांगण्यावरून फेऱ्या मारतात, तें त्याच वडील बायकांना विचारावें. त्यांना आपल्या मुलांच्या गोळ्यांचीं नांवेंसुद्धां पाठ असतात. आमची सूचना साधी आहे. आठवींपासून पुढच्या प्रत्येक मुलीला व घरांतील प्रत्येक सुनेला रोज एक पेला दूध किंवा वाटीभर दहीं, चालत असेल तेथें अंडें, आणि दिवसांतून एकदां अंबाडी, पालक, चवळी यांपैकीं एखादी पालेभाजी, हीं पातेल्यांत जें उरेल त्यांतून नव्हे, तर स्वयंपाक होतांच आधीं बाजूला काढून ठेवावींत. हें काम आईनें स्वतःसाठीं करणार नाहीं. तें घरांतील मुलग्यांनीं करावें, ताटें मांडण्याच्या वेळीं.